एक्याऐंशी वासे

उंटाला खाली बसवण्यासाठी देजिदनं दोर ओढला, आणि उंटाच्या आधी तीच बसली.

या वर्षात बिऱ्हाड हलवायची ही पाचवी खेप. उन्हाळ्यात पाऊस झाला नव्हता. गवत बोटभर वाढलं आणि जागेवरच करपलं. एरवी तीन जागांत वर्ष निघायचं, तिथे यंदा पाच झाल्या. पाच वेळा लोकरीचं गोल घर उतरवायचं, उंटांवर लादायचं, पाच वेळा उभं करायचं. देजिद त्रेसष्ट वर्षांची होती. हल्ली सकाळी उठताना तिला आधी बोटं मोकळी करावी लागत, मग गुडघे, मग पाठ.

मागून मेंढरं घेऊन चोइजिल आला. तिचा नवरा, सदुसष्ट वर्षांचा. गेल्या वसंतातल्या बर्फात घोड्यावरून पडल्यापासून त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता.

"काय गं म्हातारे, उंटाची जागा तूच घेतलीस?"

"उंटाच्या पाठीवरचं ओझं निदान कुणी उतरवतं तरी."

तो हसला, घोड्यावरून हळूच घसरत उतरला, आणि टेकडीच्या पायथ्याकडे बघत राहिला. देजिदनं मघाशीच तिकडे पाहिलं होतं. आपण चुकीच्या दिशेला बघतोय असं तिला वाटलं होतं, म्हणून पुन्हा पाहिलं होतं.

तिथे नोरजिनताईचं घर असायचं. सव्वीस वर्षं, दर शरदात. इकडे उंट दिसले, की ओझं सुटायच्या आत ती थर्मास आणि वाडगे घेऊन चालत यायची. तिच्यामागे तिचा नवरा बाद्रख, बाह्या वर सारत. वाटेवरच्या माणसाकडे पेटलेली चूल नसते, म्हणून शेजाऱ्यानं चहा न्यायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मग चौघं मिळून घर उभं करायचे, आणि वाडग्यातला चहा निवायच्या आत छताच्या माथ्याचं लाकडी चाक वर गेलेलं असायचं.

आज तिथे गवतावर फक्त एक पिवळं वर्तुळ होतं.

देजिद उठून तिकडे चालत गेली. वर्तुळात राख नव्हती; ताईनं ती नीट पुरली होती. मोटारीच्या चाकांचे चर दक्षिणेकडे गेले होते. कडेला रानशेण्यांचा मोठा ढीग प्लास्टिकनं झाकलेला, आणि ढिगावर दगडाखाली एक पिशवी. पिशवीत वाळवलेल्या दह्याचे तुकडे. पिशवीशेजारी तो लाल थर्मास.

तिनं बूच काढून करंगळी बुडवली. मग घोटभर झाकणात ओतून प्यायली. खारट, दुधाचा, कोमट.

हा थर्मास ती चांगला ओळखत होती. सकाळी भरला, तर त्याच संध्याकाळी जीभ पोळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी असा व्हायचा. म्हणजे तो काल भरलेला होता. कालपर्यंत नोरजिनताई इथे होती.

काल त्या दोघांनीही इथेच असायचं होतं.

"काल निघायचं ठरलं होतं," मागून येऊन उभ्या राहिलेल्या चोइजिलला ती म्हणाली. "मीच म्हटलं, एक दिवस पडू दे मला."

"पाठ धरली होती तुझी."

"पाठ रोजच धरते. मी काल दिवसभर झोपले, आणि ही इथे वाट बघत बसली."

"तिचा मुलगा गाडी घेऊन येणार हे उन्हाळ्यापासून ठरलेलं, दिवस तेवढा ठाऊक नव्हता. बाद्रखला शहरात दवाखान्याजवळ ठेवायचं म्हणत होते ना? गाडीवाला काय आपल्यासाठी थांबतो?"

देजिदनं बूच घट्ट लावलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं, आणि त्यानं काही फरक पडत नव्हता. सव्वीस वर्षांच्या शेजाराला निरोप द्यायचा एक दिवस होता, तो तिनं झोपून काढला होता.

परत येऊन त्यांनी उंट मोकळे केले. चूल, पेट्या, पलंग जागेवर मांडले. दक्षिणेला दार, आणि दारापासून दारापर्यंत जाळीच्या घडीच्या भिंती गोल उघडून बांधल्या. एवढं दोघांना जमतं. पुढचं जमत नाही; यंदाच्या आधीच्या चारही जागांवर कुणी ना कुणी शेजारी हाताशी होता. दोन खांबांवर बसवलेलं लाकडी चाक मधोमध उभं करायचं, ते एकानं धरून ठेवायचं, आणि बाकीच्यांनी चारी बाजूंनी वासे चाकाच्या भोकांत खुपसून खालची टोकं भिंतीला अडकवायची. एक्याऐंशी वासे. वारा पडलेला असला तर ठीक. आज तो डोंगरावरून खाली येत होता.

"चला, चाक घेऊ," चोइजिल म्हणाला.

"दोघांनी?"

"मग काय, शेळ्यांना हाक मारू?"

देजिद चाकाशेजारी बसली. खूप दिवस मनात घोळत असलेलं ती वेगळ्याच शब्दांत बोलली.

"ऐका. अंधार पडायच्या आत घर उभं राहिलं, तर हिवाळा इथे काढू. नाही राहिलं, तर उद्या उंट परत लादायचे. मेंढरं माझ्या भावाच्या कळपात घालायची, आणि आपण शहरात मुलीकडे."

"पैज लावतेस?"

"पैज नाही. दमलेय मी."

चोइजिलनं डाव्या हातानं टोपी नीट केली आणि चाकाची एक कड उचलली.

खांब तिनं धरले, कारण तिचे हात वर जात होते. चाक डोक्यावर आलं. वासे चोइजिल लावू लागला. पहिला बसला, दुसरा बसला. तिसरा त्यानं दुसऱ्याच्याच बाजूला लावला. वाऱ्याचा झोत आला, चाक तिच्या हातात गर्रकन फिरलं आणि सगळंच आडवं झालं. एक खांब तिच्या खांद्याला चाटून गेला. एका वाशाचं टोक कटकन मोडलं.

काही वेळ दोघंही जमिनीवर बसून राहिले.

"घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात ते काही खोटं नाही," चोइजिल म्हणाला.

"वासे कुठले फिरतायत? तुम्ही एकाच अंगाला दोन लावलेत. समोरासमोर लावायचे असतात. चाळीस वर्षं झाली लावताय."

"त्यातली सव्वीस वर्षं इथे समोरच्या अंगाला बाद्रख असायचा."

मोडलेला वासा देजिदनं बाजूला ठेवला. सूर्य टेकडीपासून दोन हातांवर होता.

दुसऱ्यांदा चाक वर गेलं तेव्हा तिचे दंड लगेच थरथरू लागले. तिला ठाऊक होतं, पहिल्या चार वाशांपुरतंच चाक माणसाच्या हातात असतं. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार बसले, की भार भिंतींवर जातो आणि पुढे ते वाशांचं होतं. म्हणजे फक्त चार.

उत्तरेचा बसला.

आत्ता हात सैल सोडले तर? तिनं शांतपणे विचार केला. जोरानं ढकलायचीही गरज नव्हती. पुढच्या झोताला फक्त आवरायचं नाही. चाक पडेल, कदाचित फुटेल. फुटलं तर प्रश्नच मिटला. वाऱ्याचा दोष. चोइजिल तिला कधीच विचारणार नाही. परवा ती मुलीच्या अंगणात असेल, तिथून नोरजिनताईचं घर कितीसं लांब!

दक्षिणेचा वासा घेऊन चोइजिल आला. त्यानं वाशाचं खालचं टोक कमरेवर टेकवलं, उजव्या हाताचं कोपर अंगाला घट्ट दाबलं आणि डाव्या हातानं वरचं टोक भोकाच्या रोखानं नेलं. ते चुकलं. पुन्हा नेलं. तोंडानं तो एकसारखं काहीतरी पुटपुटत होता. दर वेळी टोक हुकल्यावर तो तिच्या दंडांकडे बघत होता, चाकाकडे नाही.

झोत आला. देजिदनं दोन्ही पाय रोवले आणि खांब छातीशी धरले.

चाक पडलं असतं तर तिच्या मनातलं चाकानं सांगितलं असतं. आणि मग ती स्वतः कधीच बोलली नसती.

"लावा," ती म्हणाली. "धरलंय मी."

दक्षिणेचा बसला. मग पूर्वेचा. पश्चिमेचा बसला तेव्हा तिच्या हातांतलं ओझं एकदम उतरलं आणि तिला नुसतंच उभं राहता आलं. विसावा वासा लागेपर्यंत ती तशीच उभी होती. गरज नव्हती, पण हात लगेच खाली येईनात.

ऐंशी वासे लागले. एक्याऐंशीव्याचं भोक रिकामं राहिलं. लाटलेल्या लोकरीचे नमदे चढवून, घोड्याच्या केसांचे दोर आवळून होईपर्यंत सूर्य टेकडीला टेकला होता. वाऱ्याची धास्ती म्हणून चाकातून लोंबणारा दोर चोइजिलनं खाली एका मोठ्या दगडाला बांधला.

देजिदनं चूल पेटवली ती नोरजिनताईच्या रानशेण्यांवर. नवीन चहा केला, पहिली पळी रीतीप्रमाणे दाराबाहेर आकाशाला उडवली. मग ताईचा उरलेला चहा वेगळा तापवला आणि दोघांनी तो आधी प्यायला. चोइजिल दह्याचा तुकडा गालात धरून बसला होता. दात कमी होते, वेळ लागत होता.

"जिंकलीस म्हणायचं की हरलीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"पैज नव्हती म्हटलं ना." तिनं थर्मास विसळून पालथा घातला. "हिवाळा इथे काढू. बोलले ते बोलले. पण हे चाक मी शेवटचं धरलं. कोकरं झाली, बकऱ्यांची लोकर विंचरून झाली, की मी ताईचा थर्मास परत करायला शहरात जाणार आहे."

"परत करून येशील?"

"नाही."

चुलीत शेणी ढासळली. चोइजिलनं वर, रिकाम्या भोकाकडे पाहिलं.

"मी आलो नाही तर?"

"तर एकटी जाईन. तुम्ही यावं असं वाटतं, पण ओढून नेणार नाही. आज तुम्ही मला ओढलं नाहीत, तसंच."

त्यानं मोडलेला वासा ओढून मांडीवर घेतला आणि तुटल्या जागी अंगठा फिरवला. टोक पुन्हा तासलं तर तो आखूड पडला असता. नवीनच करायला हवा होता. ओढ्याकाठी वाशाजोग्या सरळ फांद्यांची विलोची झाडं होती. उद्या जाऊन बघता येईल.

बराच वेळ तो त्या लाकडाशीच चाळा करत होता. देजिदनं अंथरुणं घातली. ती आडवी होणार, एवढ्यात तो मान वर न करता म्हणाला,

"थर्मास रिकामा नेऊ नकोस. रिकामं भांडं परत करत नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि बूट काढायला खाली वाकली. पाठ धरलेलीच होती.