एकाआड एक घर

त्रियोलेच्या सरकारी दवाखान्यातल्या इंद्राणी नर्सला चाळीस बायका हव्या होत्या. तीन आठवड्यांत सहा मिळाल्या, त्यातली एक नुसती सावलीला बसली होती. १९६३ साल होतं. राजधानी पोर्ट लुईचा डॉक्टर गर्भाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास घेऊन आला होता: अर्ध्या बायकांची नवी तपासणी, अर्ध्यांना फक्त प्रश्न, आणि पाच वर्षांनी तुलना. कोणाच्या वाट्याला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

त्या चाळीसजणींत इंद्राणीला खरी हवी होती एकच, तिची सासू भगवती. सासूची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तीन महिने न्हाणीमागच्या दोरीवर, उसाच्या बाजूला, फडकी वाळत होती. विचारलं की सासू म्हणे, "जुनी फडकी धुतेय. तुला सरकारने फडक्यांवर नेमलंय?"

आणि नळावर उभी राहून गल्लीला सांगे, "दुखत नाही ते दोकतेरला कशाला दाखवायचं?" गल्ली मान डोलवे.

शेवटी इंद्राणीने हळदीचे तांदूळ केले आणि ताटली घेऊन निघाली. दारात अक्षत आली की माणसाला जावंच लागतं, अंगात ताप असला तरी. डॉक्टरने सांगितलं होतं, या आठवड्यात एकाआड एक घर, उरलेली पुढच्या आठवड्यात. तिचं स्वतःचं घर पुढच्या आठवड्यात पडलं. हे तिने कोणाला समजावलं नाही, कारण अक्षत कधी कोणी समजावून देत नाही.

सकाळी आठला दवाखान्यापुढे लग्नाच्या साड्या जमल्या. एकीने पितळेचं भांडं आणलं होतं आणि ते वधूला द्यायचं की वराला, असं ती कंपाउंडरला विचारत होती. त्यांच्यामागून न बोलावलेल्या बायकांचा जथा आला. पुढे भगवती.

"सरस्वतीला अक्षत," ती म्हणाली, "आणि ज्या घरात तांदूळ शिजतात त्या घरच्या सासूला नाही?"

"आई, तुमची पुढच्या आठवड्यात."

"म्हणजे उरलंसुरलं जेवायला येऊ?"

शेजारची सरस्वती पदर सावरत म्हणाली, "वहिनी, माझ्यातले दोन दाणे घ्या हवे तर."

डॉक्टरला मराठी येत नव्हतं. त्याने फ्रेंचमध्ये विचारलं, या कोण? इंद्राणी म्हणाली, स्वयंसेविका. डॉक्टरने मोजल्या. एकाहत्तर. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजल्या आणि दोन आठवड्यांचं काम त्याच दिवशी काढलं.

पाकिटं फुटू लागली. सरस्वतीला तपासणी निघाली. भगवतीला प्रश्न.

"म्हणजे तिला पंगत आणि मला चौकशी."

चिठ्ठी बदलता येत नव्हती. एकाहत्तर बायका बघत होत्या. ती फॉर्म घेऊन सासूसमोर बसली.

छप्पन्न वर्षांत भगवतीला सरकारने काहीही विचारलं नव्हतं. लग्न कधी झालं, या पहिल्याच प्रश्नाला तिने दीड पान घेतलं. त्यात वरातीचा बैल आला, नवऱ्याचं घोरणं आलं आणि सरस्वतीच्या आईने तेव्हा काय नेसलं होतं तेही आलं. इंद्राणीने जादा कागद जोडले. नववा प्रश्न तिने मान खाली घालून वाचला.

"पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं?"

भगवती पडद्याकडे बघत राहिली. पलीकडे सरस्वती शास्त्राला मदत करत होती.

"हे सरकारला लिहून हवंय?"

"हो."

"मग लिही. तीन महिने. आणि माझ्या सुनेला सांगू नकोस."

"नाही सांगत," सून म्हणाली आणि लिहिलं.

फॉर्मच्या तळाशी छापलं होतं: असं उत्तर आल्यास चिठ्ठी काहीही असो, तपासणी लगेच. इंद्राणीने सासूला दंडाला धरून अख्ख्या रांगेपुढे आत नेलं. कोणी तक्रार केली नाही. भगवतीनेही नाही, कारण रांगेपुढे जाणं तिला आवडलं.

दहा दिवसांनी निकाल आला. रोग होता, पण कोवळा, कडेकडेने. डॉक्टर म्हणाला, आत्ता काढला तर बहुतेक संपला. इंद्राणी बाकावर बसली, आणि हसू की रडू ते न कळून दोन्ही करून घेतलं.

लोपितालला, म्हणजे मोठ्या इस्पितळात, न्यायला टॅक्सी आली तेव्हा सरस्वती कुंपणाशी उभी होती.

"तुला नुसती तपासणी," भगवती म्हणाली. "मला प्रश्न, तपासणी आणि वर ऑपरेशन."

सरस्वती म्हणाली, "पाच वर्षांनी परत बोलावणारेत, वहिनी. तेव्हा बघू."

"बघू की," भगवती म्हणाली, आणि ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसली.