खंडेनवमीच्या पाटावरचा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. हिंगोलीच्या एका कॉलेजात, फ्रीजरच्या तळाशी, बारीक नळीत राहतो. माझं नाव इंटरफेरॉन. तुमच्या अंगात रोगजंतू शिरले की एक पेशी दुसरीला सावध करते. तो निरोप नेणारं प्रथिन म्हणजे मी.

मी मात्र कुणाच्या अंगात जन्मलो नाही. परदेशातल्या कारखान्यात माणसाचं जनुक जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून मला घडवून घेतलं. २००४ साली भुकटी होऊन मी इथं आलो.

कळमनुरीकडच्या तांड्यावरची सुनिता इथं संशोधन करत होती. माझा निरोप मिळाल्यावर रक्तातल्या पेशी काय करतात, हे तिला पाहायचं होतं. प्रबंध दिवाळीनंतर द्यायचा होता. तिनं मला विरघळवून पाच नळ्यांत वाटलं. वीज गेली की स्वतः बर्फ आणून आमच्याभोवती रचायची. तिचे मार्गदर्शक सर पाहुण्यांना सांगायचे, "अख्ख्या कॉलेजात याच्याइतकं मोलाचं काही नाही."

ते शिपाई संतराममामांनी ऐकलं होतं. खंडेनवमीला सुनिता तांड्यावर गेली होती. मामांनी सूक्ष्मदर्शक पुसून पाटावर मांडले आणि मधोमध आम्हा पाच नळ्यांना फ्रीजरमधून काढून ठेवलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. पण दिवसभराच्या उकाड्यात माझा आकार बिघडला, आणि आकार गेला की पेशी मला ओळखत नाही.

दसऱ्यानंतर सुनितानं मला पेशींवर घातलं. दोन दिवस मी त्यांना टेकून होतो. एकीनंही ओळख दिली नाही. तिनं चार नळ्या वापरून पाहिल्या. पाचवीच्या झाकणावर तिला पिवळा डाग दिसला.

"मामा, ही हळद कशाची?"

"नवमीची पूजा केली ना, ताई."

"किती वेळ बाहेर व्हतं हे?"

"सकाळपासून दिवे लागेस्तोवर. मंग परत फ्रीजरात ठिवलं. काहून?"

सुनितानं वापरलेल्या चार नळ्यांकडे पाहिलं. "गेलं मामा सगळं. उकाड्यानं वाया गेलं."

मामांचा चेहरा उतरला. "मला काय ठावं? तुमी अन् सर इंग्रजीत बोलता, मला निस्ता झाडू मारायला सांगता. मोलाच्या वस्तूला फूल न्हाई वाहायचं तर काय करायचं? एक शब्द सांगितला असता तर म्या हातबी लावला नसता."

तिनं पाचवी नळी परत फ्रीजरात ठेवली. मग म्हणाली, "व्हय मामा. आठ महिने तुमच्या डोळ्यांदेखत काम करून राहिले. तुमालाच सांगायचं राहून गेलं."

प्रबंधाची तारीख हुकली. उन्हाळ्यात इंटरफेरॉनची नवी कुपी आली. ती उघडण्याआधी सुनितानं मामांना फ्रीजरपाशी उभं करून सगळं समजावलं. त्या कुपीवर तिचं काम झालं आणि ती कॉलेज सोडून गेली. पाचवी नळी कुणी वापरली नाही, टाकलीही नाही. त्या नळीत मी अजून आहे. दार उघडतं, हात येतो, दुसरंच काही घेऊन जातो.

मित्रांनो, एखादी गोष्ट तुम्हाला मोलाची वाटत असेल, तर ती कशी जपायची हे घरातल्या, शेजारच्या माणसाला वेळेवर सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.