जुन्या कार्डाचं काय?

ताई अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करून देत असे. भिंती, सोफे, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. पण या खेपेच्या घराला बाग होती आणि आर्किटेक्टला बागेतलं पान न् पान दिसायला हवं होतं. कॉम्प्युटर दर वेळी पहिल्या झाडापाशीच मान टाकी. चित्र सोमवारी द्यायचं होतं.

"चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड आत आहे ना, तसलंच दुसरं शेजारी बसवते," ताई म्हणाली. "दुकानदार म्हणतो, दोघं मिळून ओढतील."

"छे! जुनं काढ आणि एकच मोठं घे," धाकटा भाऊ म्हणाला, जरा जास्तच घाईने.

धाकट्याने नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. घरात त्याला शास्त्रज्ञ म्हणत, तेही कौतुकाने नव्हे. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण नवं आलं की जुनं रिकामं होणार, आणि ते आपल्या रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरात कसं शोभेल, हे तो आठ दिवस मनात रंगवत होता.

दोन दिवस मोजमापं घेऊन त्याने तक्ता ताईपुढे ठेवला. "हे बघ. चित्राला अकरा जीबी मेमरी लागते. तुझ्या कार्डात आठ आहे. दोन लावलीस तरी प्रत्येक कार्डाला अख्खं चित्र आपापल्या मेमरीत उघडावं लागतं. दोन खोल्यांत दोन लहान टेबलं मांडली म्हणून मोठा नकाशा पसरता येतो का?"

ताईला पटत आलं होतं. तेवढ्यात बाबा चष्मा सरसावून वाकले आणि त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "ताईचं जुनं कार्ड, लांबी चोवीस सेंटिमीटर. माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटातली जागा, सव्वीस."

मोजलेलं काहीही तक्त्यातून गाळायचं नाही, ही कॉलेजातली सवय धाकट्याला नडली.

"अस्सं!" ताई म्हणाली. "तरीच म्हटलं, साहेबांना माझ्या झाडांचा एवढा पुळका कशाला!"

"त्या ओळीने वरचे आकडे बदलत नाहीत!"

"आकडे राहू देत, तुझे कान लाल झालेत त्याचं बोल," बाबा म्हणाले.

ताईने तसलंच दुसरं कार्ड मागवायला दुकानदाराचा नंबर काढला. धाकट्याच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला. दोन कार्डं, आणि पहिल्याच झाडापाशी दुप्पट थाटात बंद पडलेलं चित्र.

"थांब." त्याने तिच्या फोनवर हात ठेवला. "मोठंच घे. जुनं दुकानदाराला बदल्यात देऊन टाक. मला नको."

ताईने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग फोन लावला. "हॅलो, एकच द्या. मोठं. हो, जुनं परत घ्या."

धाकटा बघतच राहिला. "पटलं ना? टेबलाचं उदाहरण?"

"तुझं तोंड पटलं. इतकं पडलेलं तोंड नाटक करून जमत नाही."

संध्याकाळी नवं कार्ड आलं. ताई स्क्रूंना हात लावायला घाबरे, म्हणून जुनं काढून नवं बसवणं धाकट्याच्याच नशिबी आलं. पडद्यावर पहिलं झाड पानापानाने उमटलं, पाठोपाठ दुसरंही. ताई "आई गं!" म्हणून खुर्चीतच उडाली.

धाकटा कोपऱ्यात बसून जुन्या कार्डाच्या पंख्यातली धूळ ब्रशने झाडत होता.

"अरे, ज्याला द्यायचंय तो पुसून घेईल की," बाबा म्हणाले.

"पुसू द्या हो त्याला," ताई म्हणाली. "तेवढाच सहवास."