खांद्याची शिवण

फोटोखालची पाटी मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं.

"ऊना डीनी, वय सतरा, डेरी, १९७९. स्वतः शिवलेला शर्ट. खांद्याची शिवण मुद्दाम उसवून तिने शर्टाच्या कारखान्यांच्या शिस्तीविरुद्ध बंड पुकारलं आहे."

स्वतः शिवलेला! मला आजही सुईत दोरा धड ओवता येत नाही. पडदे आखूड करायचे झाले तरी मी शेजारणीच्या हातापाया पडते. तो शर्ट शिवला होता माझ्या आईने. कारखान्यातून आणलेल्या उरल्यासुरल्या कापडाचा, बाह्यांना कोपरापर्यंत चेन लावून, आणि शिवताना तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवून. उत्तर आयर्लंडमधल्या आमच्या या डेरी शहरात तेव्हा जवळपास प्रत्येकीची आई शर्टाच्या कारखान्यात होती. त्यामुळे केस उभे करून, कानात सेफ्टी पिना अडकवून चौकात उभे राहणारे आम्ही पंक जगातले सगळ्यात नीट शिवलेले पंक असणार. लंडनची पोरं फाटकी फिरायची. आमच्या काखेतसुद्धा दुहेरी टीप असायची.

प्रदर्शन मांडणारी ॲशलिंग तिशीची. हातात फायली, अंगात विकत घेतानाच गुडघ्यावर फाटलेली पँट.

"ॲशलिंग, ही पाटी बदल," मी म्हटलं.

"ऊना, पाट्या छापून आल्यात. तासाभरात लोक येतील."

"अगं, पण शर्ट आईने शिवलाय."

"हो, पण तुम्हीच बघा ना. पंक म्हणजे घराविरुद्धचं बंड. आईनेच शिवून दिला म्हटलं की... जरा मजा जाते."

मजा जाते! या बाईने माझ्या घरी बसून दोन तास मुलाखत घेतली होती. माझे चार कप चहा प्यायली. गाणी कोणती ऐकायचात, मारामाऱ्या कुठे व्हायच्या, रस्त्यात ब्रिटिश सैनिक झडती घेताना पिना काढायला लावायचे का, सगळं विचारलं. शर्ट कोणी शिवला, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आणि मी बावळट, तिने विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही.

माझी आई फिलोमिना शहाऐंशी वर्षांची आहे. एक्केचाळीस वर्षं ती कारखान्यात होती. त्या कारखान्याचे आता फ्लॅट झालेत आणि दाराशी मालकाच्या नावाची पितळी पाटी तेवढी जपून ठेवली आहे. बायकांची नावं कुठेच नाहीत. आईचं नाव या शहरातल्या एखाद्या भिंतीवर तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, एवढंच मला हवं होतं. ती तीन वाजता येणार होती.

आली पावणेतीनला. वेळेवर येणं तिला माहीत नाही, ती आधीच येते. अंगात चर्चला घालायचा कोट, हातात काठी.

"हे बघायला बोलावलंस होय?" फोटोसमोर उभी राहून ती म्हणाली. "काय ते केस! फादर मला दर रविवारी विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना, फिलोमिना."

"आई, केस राहू देत. पाटीवर तुझं नाव नाहीये. मी त्यासाठी भांडतेय."

"नको बाई माझं नाव."

"का नको?"

तिने चष्मा बदलला, नाक काचेला टेकेपर्यंत पुढे झाली आणि पाटी सावकाश वाचली. मग ॲशलिंगकडे वळली.

"अगं मुली, हे चूक लिहिलंयस. मुद्दाम नाही उसवली. सुटलीय शिवण. माझीच आहे ती."

"आई, ऐक ना..."

"तू गप्प बस. दर शनिवारी शर्ट नीट घालून जायचीस आणि येताना खांदा उघडा. विचारलं तर म्हणायचीस, आपोआप सुटली. दुहेरी दोरा घातला, तरी सुटली. बारीक टाके घातले, तरी सुटली. मी म्हटलं, संपलं, आपला हात गेला."

ॲशलिंगने फायली खाली ठेवल्या.

"त्याच वर्षी मला नमुन्याच्या टेबलावर बोलावलं होतं," आई तिला सांगू लागली. "नव्या शर्टाचा पहिला नमुना एकच बाई शिवते, मग सगळा मजला तिचं बघून शिवतो. मी नाही म्हटलं. घरच्या पोरीच्या खांद्यावर माझी शिवण टिकेना, मी कसला नमुना घालून देणार? मग ते काम माझ्या शेजारच्या मशीनवरच्या रोझलीनला दिलं."

हे मला ठाऊकच नव्हतं. तिला बोलावलं होतं हेही नाही आणि तिने नाही म्हटलं हेही नाही. मला ठाऊक होतं ते बाबांचं दाढीचं ब्लेड. कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या आडोशाला मी एकेक टाका कापायचे. दुहेरी दोरा आला तेव्हा जास्त वेळ लागतो म्हणून तिच्यावरच चिडले होते. मघापासून मी ॲशलिंगवर डाफरत होते त्याची मला लाज वाटली.

"आई, मी कापायचे."

"काय कापायचीस?"

"शिवण. ब्लेडने. दर शनिवारी. ती कधीच सुटली नाही."

तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. पण ती परत फोटोकडे वळली आणि काचेवरून त्या खांद्यावर बोट फिरवत राहिली.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मुली, पेन आण," ती ॲशलिंगला म्हणाली. "शर्ट शिवला फिलोमिना डीनीने, असं लिही. आणि उसवला कोणी, तेही लिही. पूर्ण नावानिशी."

या वेळी ॲशलिंगने पाट्या छापून आल्याचा विषय काढला नाही. ती पेन आणायला धावली. आईने कोट काढून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानंतर पंधरा वर्षं मी नुसत्या कॉलरी शिवल्या, ऊना."