दर दोन तासांची घंटा

रायनोने पितळी घंटेची दोरी ओढली. ठण-ठण, ठण-ठण. दहा वाजले होते; जहाजाच्या रीतीने दहाला ठोक्यांच्या दोन जोड्या, चारला चार. स्वयंपाकघराच्या फरशीवर ठोकळ्यांचं जहाज लावत बसलेल्या टोबीने हातातला ठोकळा तिथेच टाकला आणि तो बाथरूमकडे धावत सुटला.

“पळायचं नाही! जहाजावर पळणारा पडतो,” रायनो त्याच्यामागून जात म्हणाला. “आणि उभं राहून करणारा?”

“फरशी पुसतो!” आतून उत्तर आलं.

टोबीची आई हेल्मी फ्रीजला चिकटवलेल्या तक्त्यासमोर पेन घेऊन उभी होती. गावाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती आणि मोजल्याशिवाय तिला काही खरं वाटत नसे. मुलाची डायपर सोडायची तयारी झाली आहे हे ओळखायच्या खुणाही तिने मे महिन्यातच लिहून काढल्या होत्या. दोन तास कोरडा राहतो का? चड्डी स्वतः खाली ओढतो का? सांगितलेलं ऐकतो का? त्या खुणांवर विचार करत ती बसली होती, तोवर तिच्या वडिलांनी, म्हणजे रायनोने, फळ्या कापून टोबीच्या उंचीची पायरी केली, तिचे कोपरे घासले आणि चड्डीच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातलं. चाळीस वर्षं त्यांनी सुपीरियर सरोवरात खनिज वाहणाऱ्या जहाजांवर इंजिन सांभाळलं होतं. निवृत्तीच्या वेळी सोबत्यांनी दिलेली ती घंटा. दर दोन तासांनी ती वाजवून, जहाजावर पहाऱ्याची पाळी बदलते तसं, “वॉच बदलली,” एवढंच ते म्हणत. टोबी आत जाई, बसे, काही होवो न होवो, हात धुऊन बाहेर येई. ते कधी ओरडले नाहीत, लालूच म्हणून गोळीही दिली नाही. ओली चड्डी पिळताना म्हणत, “थोडं पाणी शिरलं. जहाज बुडालं नाही.”

तक्त्यावर सलग अकरा कोरडे दिवस होते. इतका धीर माणसात कुठून येतो, हे हेल्मीला कळत नसे.

मंगळवारी पाळणाघरात चाचणीचा पहिला दिवस होता. तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात डायपर चालत नसे. तीन दिवस निभावले तर जागा, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या मुलाला. मग जानेवारीपर्यंत हेल्मीला अर्ध्या वेळेवर काम करावं लागणार होतं. मार्चमधल्या ऑपरेशननंतर वडिलांवर दिवसभराचा भार टाकणं आता तिला नको होतं.

दुपारी पाळणाघरातल्या ग्लोरियाबाईंनी तिच्या हातात ओल्या कपड्यांची पिशवी दिली.

“दोनदा. पोरगं गुणी आहे हो, पण घंटेची वाट बघत बसतं. माझी घंटा वाजवली तर म्हणतो, ही खोटी. फोनवर तसल्याच घंटेचा आवाज ऐकवला तर फोनशीच खेळत बसला. उद्या खरी आणा. मी वाजवीन.”

हेल्मीने घरासमोर गाडी थांबवली तेव्हा चार वाजत होते. टोबी मागच्या सीटवर झोपला होता. उघड्या खिडकीतून घंटा ऐकू आली. दोन-दोन ठोक्यांच्या चार जोड्या, शांत, नेमक्या.

तिने मागे वळून पाहिलं. टोबी तर इथे होता.

टोबीला उठवून ती आत गेली तेव्हा रायनो बाथरूममधून हात पुसत बाहेर येत होता.

“बुडालं का रे जहाज?”

“पाणी शिरलं,” टोबी जांभई देत म्हणाला.

हेल्मीने ग्लोरियाबाईंचं म्हणणं सांगितलं. रायनोने घंटेकडे पाहिलं. टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“ने की.”

“तुम्हाला नको?”

“मला कशाला, पोरी? मी काय तीन वर्षांचा आहे?”

त्याने घंटा काढली, फडक्यात गुंडाळली आणि टोबीच्या दप्तरात ठेवली. भिंतीवर खिळा उरला. हेल्मी त्या खिळ्याकडे बघत राहिली. तो वडिलांनी मार्चमध्येच ठोकला होता. तिचा तक्ता मे महिन्यातला. मार्चमध्ये दवाखान्यातून घरी येताना मिळालेला कागद तिने पूर्ण वाचला होता, ती सगळंच पूर्ण वाचत असे. त्यात एक ओळ होती: लघवी लागण्याची वाट पाहू नका, दर दोन तासांनी घड्याळाप्रमाणे जा. ती तेव्हा विचारायला गेली होती. “इंजिन ठीक आहे,” असं म्हणून त्यांनी कॉफी ओतली होती.

सकाळी रायनो दाढी करत असताना तिने दप्तरातून फडकं काढलं आणि घंटा खिळ्याला अडकवली.

गाडीत टोबीने दप्तर चाचपलं.

“घंटा?”

“घरी आहे. तिथली वॉच आजोबा सांभाळतात. शाळेतली कोण सांभाळणार?”

टोबीने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

दुपारी ग्लोरियाबाई दारातच उभ्या होत्या. हातात पिशवी नव्हती.

“दहा वाजता मी नुसतं म्हटलं, दहा वाजले. तर याने दुधाच्या कपावर चमचा वाजवला. दोन जोड्या. आणि ओरडला, वॉच बदलली! सात पोरं रांगेत उभी राहिली माझ्या बाथरूमसमोर. दोघांना तर लागलीही नव्हती!” त्या हसल्या. “बसला आणि मला विचारतो, आजोबांनी केली असेल ना?”

घरासमोर पोचल्यावर टोबी पट्टा सोडायला लागला. हेल्मीने घड्याळ पाहिलं. चारला दोन मिनिटं होती.

“थांब जरा.”

दोघं बसून राहिले. घंटा वाजली, चार जोड्या. टोबीने बोटांवर मोजल्या आणि मान हलवली. आत पाण्याचा आवाज झाला, नळ सुटला, बंद झाला. मग हेल्मीने गाडीचं दार उघडलं.

रायनो टॉवेलची घडी घालत होता.

“घंटा विसरलीस सकाळी.”

“हो.”

“तू कधी काही विसरत नाहीस.”

“त्याला लागली नाही, बाबा,” ती म्हणाली आणि पेन घेऊन तक्त्याकडे वळली.

मागे टोबी पायरी ओढत खिळ्याखाली नेत होता. “सहाची मी वाजवणार,” तो म्हणाला. “आधी आजोबा जाणार, मग मी.”

रायनोने घंटेची दोरी सोडली, टोबीचा हात पोचेल एवढी लांब केली आणि टोकाला नवी गाठ मारली.