घडाच्या आतली काजळी

विकायचं ते निवडून ठेवायचं आणि उरलंसुरलं घरच्यांच्या पानात वाढायचं, ही सवय आपल्या घरात नाही, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आमच्या द्राक्षमळ्यांच्या गावात, ग्रिफिथमध्ये, तर तिला कुणी सवयही म्हणत नाही, काटकसर म्हणतात.

मार्चअखेरची सकाळ होती. तोडणी ऐन भरात असताना आठवडाभर पाऊस पडून गेला होता आणि आता कुठे ऊन आलं होतं. म्हाताऱ्या सावेरिओच्या मळ्यातली काळी द्राक्षं ट्रकमध्ये घेऊन त्याची सून मिरेला वायनरीच्या, म्हणजे वाइनच्या कारखान्याच्या, फाटकाशी पोचली. शेजारच्या खुर्चीत पट्ट्यात अडकवलेली तिची लिव्हिया होती, चौदा महिन्यांची. दात येत होते, म्हणून सगळी मूठ तोंडात.

माल तपासणाऱ्या नोएलीनने चार ठिकाणचे घड उचलले, चिमट्याने उघडले आणि मान हलवली.

"हा माल आत येणार नाही गं. काळी बुरशी आहे."

मिरेला बघतच राहिली. कारण बाजूच्याच फाटकातून पांढऱ्या द्राक्षांचा एक ट्रक मानाने आत चालला होता आणि त्यातल्या घडांवर राखाडी लोकर उगवलेली लांबूनही दिसत होती!

"अहो, ती बघा की! ती चालतात?"

"ती गोड वाइनची. ती बुरशी मुद्दाम येऊ देतात. तिने द्राक्ष सुकतं, रस मधासारखा होतो."

"म्हणजे त्यांची बुरशी लाडाची आणि आमची सावत्र?"

नोएलीन हसली, पण मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नचा नुसता गजर लावला होता. "दुपारी रांग सरली की फोन कर," ती म्हणाली. "आणि तोवर या मालाचं काही करू नका."

घरी पोचल्यावर सावेरिओ ट्रकवर चढला, एक घड उचलून त्यावरून अंगठा फिरवला आणि काळा झालेला तो अंगठा सुनेपुढे धरला.

"ही बुरशी? पलीकडे गव्हाची खोडं जाळतायत सगळे, त्याची काजळी आहे ही. दरवर्षी उडते. त्या बाईला म्हणावं चष्मा पूस."

"पण पप्पा, ती म्हणाली काही करू नका..."

"तिने कधी एक वेल तरी लावलाय का? पन्नास वर्षांत या घराने कधी माल फेकला नाही, सूनबाई. त्यांनी नाकारला की आपल्या पातेल्यात!"

आणि खरोखरच, तासाभरात अंगणातल्या शेगडीवर मोठं पातेलं चढलं. द्राक्षांचा रस काढायचा, तो आटवून आटवून काकवीसारखा दाट करायचा, ही सावेरिओच्या आईबापांनी इटलीहून येताना बरोबर आणलेली रीत. तो पाक नाताळच्या बिस्किटांत जातो, पोरांच्या खोकल्यावर चमचाचमचा दिला जातो, आणि तोडणी संपते त्या दिवशी प्रत्येक मजुराच्या हातात त्याची एक बाटली ठेवतात. सासू अस्सुंता घड निवडायला बसली. राखाडी लव आलेला घड दिसला की दोन बोटांनी उचलून "शी!" करत लांब फेकायची, काळी धूळ असलेला मात्र पाण्यातून काढून पातेल्यात टाकायची.

मिरेला गोंधळून गेली. वायनरीत राखाडी बुरशीला मान, काळीला हाकलून देतात. घरात राखाडीला हाकलतात, काळीला आंघोळ घालून आत घेतात! खरं कुणाचं? सासूने याच पाकावर चार मुलं वाढवली, चौघंही धडधाकट. नोएलीनही काही खोटं बोलणारी बाई नव्हे. तिने नवऱ्याला फोन लावला. तो दोन मळे पलीकडे तोडणीचं यंत्र चालवत होता.

"पप्पा म्हणतात तर काजळी असेल," तो त्या घरघराटात ओरडला. "आणि ती बाई म्हणते तर बुरशी असेल. मिरेला, मला आता यंत्र थांबवता येत नाही!"

"तुम्हाला ना, कधीच काही थांबवता येत नाही," म्हणून तिने फोन ठेवला.

दुपार कलली. पाक आटत आला होता, अंगणभर गोड वास सुटला होता. लिव्हिया आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहून पातेल्याकडे बघत होती, खालच्या ओठावरून लाळेची तार लोंबत होती. मिरेला एक घड हातात घेऊन ट्रकच्या सावलीत गेली आणि तिने नोएलीनला फोन लावला.

"काजळी की बुरशी, एवढंच सांगा. माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"घड आहे हातात? वाऱ्याने आलेली काजळी कुठे बसेल? वरच्या अंगाला. आता तो घड मधून फोड. वारा जिथे पोचत नाही तिथे बघ."

मिरेलाने घड फोडला. बाहेरून जवळजवळ स्वच्छ दिसणारा घड आत काळाकुट्ट होता! पावसाने तडकलेल्या मण्यांच्या भेगांत काळी भुकटी भरली होती. तिने फुंकर मारली तशी ती धुरासारखी उडाली.

"आतच आहे," ती हळूच म्हणाली.

"मग ती काजळी नव्हे. ही बुरशी कधीकधी एक विष सोडते. ते मूत्रपिंडांना धरतं. एका चमच्याने काही होत नाही, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर होतं. म्हणून तर कुणाला कळत नाही."

"पण आम्ही तासन्‌तास उकळतोय!"

"उकळून बुरशी मरते. तिने सोडलेलं विष मरत नाही. चोर मेला म्हणून चोरलेलं परत येतं का? उलट तुम्ही दहा बादल्यांची एक बादली करता. असेल ते दाट होतं."

"म्हणजे आमच्या पाकात विष आहे?"

"ते मला माहीत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. असेल किंवा नसेल."

"अहो, मग मी करू काय?" मिरेला रडकुंडीला आली. "तुम्हीच असं असेल-नसेल म्हणता!"

नोएलीन म्हणाली, "हे बघ बाळा, आम्हालाही फाटकावर तेच असतं, असेल किंवा नसेल. आणि तेवढ्यावर आम्ही माल परत पाठवतो, कारण पिणारा अनोळखी असतो, पण माणूस असतो. तुमच्या पातेल्यातलं पिणारी तर ओळखीची आहे."

मिरेलाने वळून पाहिलं. अस्सुंताने चमचा पातेल्यात बुडवला होता, फुंकून निववला होता, आणि लिव्हियाने पाखराच्या पिलासारखी चोच उघडली होती.

"मम्मा, थांबा!"

ती धावली. चमचा अस्सुंताच्या हातातून उडून अंगणात पडला. लिव्हियाने भोकाड पसरलं.

"वेड लागलं काय गं तुला?" अस्सुंता चिडली. "याच चमच्याने तुझ्या नवऱ्याला वाढवलंय मी!"

आरडाओरडा ऐकून सावेरिओ बाहेर आला. लिव्हियाला कडेवर घेऊन मिरेलाने ट्रकमधला एक घड त्याच्या हातात ठेवला. "पप्पा, आतून बघा. काजळी आत कशी शिरली?"

"तडकलेल्या..." तो बोलायला लागला आणि थांबला. त्याने घड फोडला. दुसरा फोडला. तिसरा. त्याचे हात मनगटापर्यंत काळे झाले.

"पप्पा, खरं सांगा. ही द्राक्षं विकत देऊन तुम्ही कुणाला खायला सांगाल?"

"नाही सांगणार."

"मग लिव्हियाला कसं सांगता? त्या मजुरांना बाटल्या भरून कशा देता? नोएलीनलाही पक्कं ठाऊक नाही, मलाही नाही. पण ज्याचं ठाऊक नाही ते सगळ्यात आधी सगळ्यात लहान तोंडात का?"

अस्सुंताने कपाळाला हात लावला. "मी चौघांना दिलं... मला कुठे माहीत होतं!"

"तुम्हाला माहीत नव्हतं, मम्मा. आता माहीत झालं, एवढंच."

सावेरिओने आपली काळी बोटं विजारीला पुसली. मग त्याने फडक्याने पातेल्याचे कान धरले. "तिकडून धर पोरी. मळ्याबाहेरच्या खड्ड्यात. गुरांच्या वाटेवर नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पाण्याच्या टाकीजवळच्या वेलींच्या ओळीत शिरला. ती त्याची सगळ्यात लाडकी ओळ. तिचा माल दरवर्षी सगळ्यांत आधी वायनरीत जायचा. एकेक घड फोडून बघत, आतून स्वच्छ तेवढेच टोपलीत घेत त्याने टोपली भरली आणि शेगडीशी आणून ठेवली.

"वायनरीचं काय?" अस्सुंताने विचारलं.

"थांबेल वायनरी. यंदा आधी आपलं पातेलं आणि मजुरांच्या बाटल्या."

संध्याकाळी लिव्हियाने पहिला चमचा चाटला आणि दुसऱ्यासाठी आजोबांचीच मिशी ओढली.

मित्रहो, सगळं कळेपर्यंत थांबायला कुणालाच वेळ नसतो. तेलाला वास येतोय की नाही, औषधाची तारीख उलटली की नाही, अशा शंका रोजच्या स्वयंपाकघरात येतात आणि आपण त्या घरच्यांच्या पोटावर सोपवून मोकळे होतो. अनोळखी गिऱ्हाइकासाठी जेवढी पारख करतो, तेवढी तरी आपल्या लेकरासाठी आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसासाठी करूया. शंका आली, तर तिचा फायदा द्राक्षाला द्यायचा नाही. चमच्यासमोर उघडलेल्या त्या इवल्या तोंडाला द्यायचा!