बॅडजॉनचा सत्कार

इस्मेने खुर्ची उचलली आणि सगळ्यांच्या पुढे, थेट हॉलिससमोर नेऊन ठेवली. ऐंशी ओलांडलेल्या बाईला जागेचा नियम कोण सांगणार?

टेकडीवरच्या पॅनयार्डात, म्हणजे बँडच्या तालमीच्या अंगणात, आज जुन्या वादकाचा, हॉलिसचा सत्कार होता. बँडची वाद्यं, तेलाच्या पिंपांपासून घडवलेले पॅन, घासूनपुसून मांडले होते. म्हाताऱ्याला नवा शर्ट चढवला होता, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘बॅडजॉन’. तसलेच शर्ट पोरासोरांच्या अंगावर. इस्मेच्या तरुणपणी हा शब्द गल्लीत ऐकू आला की बाया दारं आतून लावून घेत. आता तो तान्ह्या बाळाच्या झबल्यावरही शोभून दिसत होता.

सूत्रसंचालन करणारी शर्नेल शब्दाची कुळकथा सांगत होती. जॉन नावाचा कुणी गुंड होता म्हणे. त्याच्यावरून प्रत्येक गुंड बॅडजॉन झाला, मग पॅन वाजवणारी सगळीच गरीब पोरं, आणि आज तो आपला अभिमान. टाळ्या पडल्या. हॉलिस हसला, पण समोरच्या खुर्चीकडे न बघता.

इस्मेचा भाऊ रॉयस्टन पलीकडच्या बँडात वाजवायचा. कार्निव्हलच्या एका हाणामारीत हॉलिसच्या वस्तऱ्याने त्याची दोन बोटं गेली. वाजवणं सुटलं. रॉयस्टन मरेपर्यंत आणि मेल्यावरही हॉलिसने त्याचं नाव काढलं नाही. आज ते चारचौघांत निघायला हवं, एवढंच इस्मेचं मागणं. तो काढणार नसेल तर ती काढणार होती.

शर्नेलने माइक तिच्याच हाती दिला.

“मावशी, तुम्ही तर तो काळ पाहिलाय. बॅडजॉन म्हणजे काय, सांगा की पोरांना.”

हॉलिसचं हसू ओठांवरच थिजलं.

“मी काय सांगू, बाई? मी दार लावून आत होते.”

लोक हसले. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

“बाहेर हा होता. हॉलिस, माझ्या रॉयस्टनचं काय झालं, तू सांग.”

रॉयस्टन कोण, पोरांना ठाऊक नव्हतं. तरी साऱ्या माना हॉलिसकडे वळल्या. हॉलिस उठला. मग त्याने उजवा हात वर धरला आणि दोन बोटं हळूहळू तळव्यात दुमडली.

त्याचे डोळे भरले होते, पण ते पुढच्या रांगेलाच दिसलं. मागून कुणी शिट्टी मारली. एकाने तसाच हात वर केला, मग दुसऱ्याने, मग साऱ्या यार्डाने. दोन बोटं दुमडलेले शेकडो हात, नव्या सलामीसारखे. शर्नेलनेही केला.

हॉलिस हात खाली घेईना. तो इस्मेकडे बघत होता.

माइक अजून तिच्या हातात होता, आणि चालू होता.